उधाणाची पाळी

माणसाने समुद्राला एकदा तरी हुकमात ठेवलं आहे आणि त्या ऐतिहासिक प्रसंगी मी स्वतः हजर होतो. दुर्गाष्टमीचा दिवस, सकाळचे अकरा वाजून दहा मिनिटं. मंत्र्यांनी हिरवी झेंडी खाली केली आणि धाकटं खारवं या गावच्या बांधातलं आमचं स्वयंचलित दार समुद्राच्या दाबाने अलगद बंद झालं. टाळ्या पडल्या. समुद्र त्या वेळी तिथे नव्हता. ओहोटीला तो पाऊण किलोमीटर मागे गेला होता आणि त्याचं काम ठेकेदाराचे दोन मजूर करत होते. दाराच्या बाहेरच्या अंगाला, गुडघाभर चिखलात उभं राहून त्यांनी ते बांबूने ढकललं. मांडवातून ते दिसत नव्हते. तेवढी काळजी मीच घेतली होती.

"परत एकदा," फोटोग्राफर म्हणाला.

मी बांधावरून वाकून खाली सांगितलं, "परत एकदा." समुद्राने परत एकदा दार लावलं.

"साहेब," माझ्या पाठीमागून कोणीतरी हळूच विचारलं, "हे दोघं उधानाला पन येनार कं?"

हसुराम मोकल होता. गावाची उघाडी तो चाळीस वर्षं सांभाळत होता. उघाडी म्हणजे खाडीकाठच्या मातीच्या बांधातलं दार. ओहोटीला ते उघडायचं, म्हणजे शेतातलं पावसाचं पाणी बाहेर जातं. भरतीला लावायचं, म्हणजे खारं पाणी आत येत नाही. बांधाच्या एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला दोनशे चाळीस एकर भात, आणि मधे लाकडी फळ्यांचं एक दार आणि हसुराम. ही व्यवस्था हवामानबदलाला पुरी पडणार नाही, असं आम्ही एकशे बारा पानांच्या अहवालात सिद्ध केलं होतं. त्यातली अकरा पानं हसुरामबद्दल होती. त्यांत त्याचा उल्लेख 'मानवी अवलंबित्व' असा होता.

"हसुरामदादा, दार आपोआप चालतं," मी म्हणालो. "भरती आली की पाण्याच्या जोरानेच बंद होतं. आज पाणी कमी आहे, म्हणून जरा हात लावला."

"आज अष्टमी. अष्टमीला भांग, म्हंजे बारकी भरती. भांगेचं पानी म्हंजे म्हातारा मानूस, उंबऱ्यापर्यंत येतो नि बसतो." तो खाडीकडे बघत बोलत होता. "परीक्षा घ्यायची तर कोजागिरी टाकून दुसऱ्या दिवशी घ्यायची. भादव्या-आश्विनातलं उधान वर्साचं मोठं."

हे मला माहीत नव्हतं असं नाही. भरती-ओहोटीचं छापील कोष्टक माझ्या बॅगेत होतं. त्यात अष्टमीच्या दुपारपुढे बारीक आकडे होते आणि कोजागिरीनंतरच्या द्वितीयेपुढे जाड. पण तारीख कोष्टकातून आली नव्हती. ती मंत्र्यांच्या कार्यालयातून आली होती, आणि तिथे विचारल्यावर उत्तर मिळालं होतं की अष्टमी चांगला दिवस आहे.

"दाराचं मी नाय बोलत," हसुराम म्हणाला. "दार झकास हाय. मी बाजूचं बोलतो."

तो दाराच्या काँक्रीटच्या भिंतीपाशी गेला आणि भिंत जिथे मातीच्या बांधाला भिडत होती तिथे त्याने अंगठा दाबला. अंगठा आत गेला.

"लाकूड पानी पितं. पितं नि फुगतं, नि चिखलाला धरून बसतं. तुमचं शिमिट काय पीत नाय. त्याच्या कडेनं पानी वाट काढनार. हिथं चिकनी माती ठोकायला पायजे होती, थरावर थर. मुरूम कोनी टाकला?"

मुरूम ठेकेदाराने टाकला होता. नकाशाच्या चौथ्या पानावर मी स्वतः लिहिलं होतं: काँक्रीटच्या दोन्ही अंगांना चिकणमाती, वीत-वीत थर, प्रत्येक थर ठोकून घट्ट. वीस दिवसांचं काम. मंत्र्यांची तारीख आली तेव्हा हातात चार दिवस होते. चार दिवसांत मुरूम ओतता येतो, वर चिखल लिंपता येतो आणि फोटो काढता येतो. काम नकाशाप्रमाणे झालं असं लिहिलेल्या कागदावर सहीही करता येते. ती मी आदल्या संध्याकाळी केली होती.

"पावसाळ्यानंतर करून घेऊ," मी म्हणालो.

"करा. मी कुठं नाय बोलतो. फक्त तवर पाळी चालू रावूं दे. आज माइकवर पाळीचं काय बोलू नका. एक उधान जाऊ दे."

पाळी म्हणजे काय हे सांगायला हवं, कारण सगळं तिच्यावरच आहे. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला, पाणी मोठं असेल त्या चार-पाच दिवसांत, भरतीच्या वेळी धाकट्या खारव्यातल्या प्रत्येक घरातून एक माणूस फावडा घेऊन बांधावर यायचा. सत्तेचाळीस घरं, सत्तेचाळीस माणसं. ठरलेल्या अंतरावर बसून विड्या ओढायच्या, एकमेकांच्या सासुरवाडीवरून बोलायचं आणि नजर बांधाच्या पायथ्याशी ठेवायची. कुठे पाझर दिसला की हाळी द्यायची. बांध फुटलाच तर त्या भगदाडाला खांड म्हणायचे, आणि खांडीत पंधरा-वीस जण पाठीला पाठ लावून बसायचे. अंगांचीच भिंत. बाकीचे त्यांच्या मागे पेंढा आणि चिखलाचे गोळे रचायचे. चिखलाने धरलं की एकेक जण उठायचा. घरात लग्न असो की मयत, पाळी चुकवायची नाही. चुकवली तर पुढच्या वर्षी होळीला त्या घराचं नाव घेऊन बोंब मारायचे, बस. एवढ्या शिक्षेवर ती व्यवस्था किती पिढ्या चालली, ते कोणालाच माहीत नव्हतं.

आमच्या अहवालात पाळी बंद करणं हे फलित क्रमांक सात होतं. 'वर्षाला अकरा हजार मानवी तासांची बचत.'

"सबनीस," मांडवातून कर्णिक साहेबांनी हाक मारली. ते आमच्या सल्लागार कंपनीचे प्रमुख. त्यांनी माझ्या हातात एक कागद दिला. "पाळीचं तू जाहीर कर. गाव तुला ओळखतं."

"सर, हे कोजागिरीनंतर केलं तर? एक उधाण जाऊ दे."

"कोजागिरीनंतर मंत्री येणार आहेत का?"

"नाही."

"कर्ज देणाऱ्या बँकेचे पाहुणे येणार आहेत?"

"नाही सर."

"मग कोणापुढे जाहीर करणार तू? खेकड्यांपुढे?"

मी माइकपुढे गेलो. समोर गाव बसलं होतं, नवे कपडे घालून. पहिल्या रांगेत सरपंच वनिता मोकल, हसुरामची सून. तिशीतली, बारावी झालेली, तोंडाने तिखट. मी कागद वाचला. आजपासून गावाने उधाणाच्या पाळीवर यायची गरज नाही. बांध आता स्वतःची काळजी स्वतः घेईल. शेवटचं वाक्य कागदावर नव्हतं, ते मला सुचलं होतं.

टाळ्या झाल्या, आणि या खऱ्या होत्या. माणसं एकमेकांकडे बघून हसली. मागून एक तरुण उठून म्हणाला, "म्हंजे कोजागिरीनंतरच्या कबड्डीला टीम घेऊन गेलो तरी चालंल?" आणि सगळे हसले. दर वर्षी ती स्पर्धा नेमकी उधाणात यायची आणि धाकटं खारवं कधीच पूर्ण संघ पाठवू शकत नसे.

वनिता मंचावर आली. तिने शाल-श्रीफळ देऊन माझा सत्कार केला. हसुराम मांडवाच्या खांबाला टेकून उभा होता, त्याच्याकडे बघून ती माइकवरच म्हणाली, "बाबा, चाळीस वर्सं जागे रायलात. आता झोपा."

ती खाली उतरल्यावर तो तिला काहीतरी सांगत होता. मी जवळून गेलो तेव्हा तिचं उत्तर ऐकू आलं.

"साहेब इंजिनेर हायत, बाबा. ते कशाला खोटं बोलतील? त्यांना काय आपली शेती पायजे?"

तिचं बरोबर होतं. मला त्यांची शेती नको होती.

द्वितीयेला मी पुन्हा गेलो. कर्णिक साहेबांना बँकेच्या अहवालासाठी खऱ्या भरतीचा एक फोटो हवा होता. मुंबईहून निघून अलिबाग-पेणच्या मधल्या त्या खाडीपट्ट्यात पोचायला साडेबारा वाजले. गाव रिकामं होतं. तीन टेम्पो भरून पुरुष बारा मैलांवर कबड्डीला गेले होते. बांधावर फक्त हसुराम होता, डोक्यावर टॉवेल, हातात फावडा.

"तुम्ही नाही गेलात?" मी विचारलं.

"मला कोन घेतो टीममधे."

भात पिकलं होतं. पिवळं नव्हे, त्या जमिनीतलं भात तांबूस पिकतं. दसऱ्यानंतर कापणीला हात घालायचा म्हणून विळे धार लावून ठेवले होते. दोन दिवस कबड्डी, तिसऱ्या दिवसापासून कापणी, असं ठरलं होतं. बांधाच्या या बाजूला दोनशे चाळीस एकर तांबूस आणि त्या बाजूला राखाडी पाणी, आणि पाण्याची पातळी भातापेक्षा उंच. मी अहवालात अशी आकृती काढली होती. प्रत्यक्षात बघितली नव्हती.

दार बंद होतं. साडेअकरालाच आपणहून लागलं, असं हसुरामने सांगितलं. मजूर नाहीत, बांबू नाही. रबराची कड चौकटीवर अशी बसली होती की बोट शिरलं नसतं. थेंब आत येत नव्हता. मला खरंच भरून आलं. ते दार मी दीड वर्ष कागदावर काढलं होतं. मी बांधाच्या वरून, बाजूने, खाली वाकून असे बावीस फोटो काढले.

"साहेब, हिकडं या."

तो शेताच्या बाजूला, बांधाच्या पायथ्याशी उकिडवा बसला होता.

"आलो, दोन फोटो राहिलेत."

"फोटो मागनं बी निघतील."

मी उतरलो. काँक्रीटच्या भिंतीलगत, करंगळीएवढी पाण्याची धार जमिनीतून वर येत होती.

"पाझर आहे," मी म्हणालो. "मातीच्या बांधात थोडा पाझर असतोच. हिशेबात धरलेला आहे."

"पाझर नितळ असतो." त्याने धारेखाली तळहात धरला आणि माझ्यापुढे केला. तळहातावर तांबडे खडे होते. मुरुमाचे. "पानी येतंय म्हनून घाबरायचं नसतं. माती घेऊन येतंय म्हनून घाबरायचं."

भरती पूर्ण व्हायला पाऊण तास होता. माझ्या घड्याळाप्रमाणे आणि त्याच्या, म्हणजे सूर्याप्रमाणेही. त्याने फावड्याने चिखल ओढून धारेवर टाकायला सुरुवात केली. मी बूट काढले, मग मोजे काढले, मोजे घडी करून बुटात ठेवले. हे आठवतं, कारण तोवर धार मनगटाएवढी झाली होती.

"फोन लावा," तो म्हणाला. "वनिताला."

ती घरी होती. मी सांगितलं. तिने विचारलं, "किती मोठी?"

"आत्ता मनगटाएवढी."

"येते." आणि मग, फोन न ठेवताच, कोणाला तरी मोठ्याने हाका मारू लागली.

मी कबड्डीला गेलेल्यांपैकी एकाचा नंबर तिच्याकडून घेऊन लावला. पलीकडे समालोचन चालू होतं, धाकट्या खारव्याला दोन गुण. त्याला चार वेळा सांगावं लागलं. शेवटी कळल्यावर तो म्हणाला, "पन साहेब, तुमी तर बोलले होते..." मग तासाभरात पोचतो म्हणाला.

दहा मिनिटांत बायका आल्या. वनिता धरून अकरा. घमेली, पेंढ्याचे भारे, दोघींच्या हातांत लाकडी पाट. तोवर धार राहिली नव्हती. काँक्रीटच्या कडेने दोन हात रुंद खांड पडली होती आणि पाणी आत उडी मारत होतं. वनिताने माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. साडीचा काष्टा मारून ती खांडीत उतरली आणि पाण्याकडे पाठ करून बसली. तिच्या शेजारी दुसरी, मग तिसरी. हसुराम भिंतीला चिकटून बसला, जिथे ओढ जास्त होती तिथे.

"साहेब, बसा," तो म्हणाला.

मी बसलो. पाठीवर खाडी आली. आयुष्यभर मी पाण्याचा दाब किलोमध्ये काढला होता. तो असा लागतो हे मला ठाऊक नव्हतं. बाकीच्या बायका मागून पेंढा दाबत होत्या, चिखल टाकत होत्या. खांडीत बसायला पंधरा-वीस लागतात, मागे रचायला तितकेच. आम्ही सगळे मिळून तेरा, आणि तेही मला धरून.

कोणी ओरडत नव्हतं. वनिता फक्त "इथं टाक, इथं टाक" म्हणत होती. एकदा वाटलं धरलं. पाठीमागे काहीतरी घट्ट झालं आणि माझ्या शेजारची बाई, जिचं नावही मला माहीत नव्हतं, म्हणाली, "धरतंय ग." मग आमच्या बाजूचा बांध, सात-आठ हात लांबीचा तुकडा, बसला. कोसळला नाही, बसला. थकलेला माणूस खुर्चीत बसतो तसा.

"उठा," हसुराम म्हणाला. "सोडा आता. उठा सगळ्या."

बायका आणि मी कडेला फेकले गेलो. त्याला स्वतःला उठता आलं नाही. पाण्याने त्याला वीस-पंचवीस हात आत भातात नेलं, आणि तिथे तो उभा राहिला, छातीभर पाण्यात. फावडा हातात होता. वनिता त्याच्याकडे गेली आणि त्याला हाताला धरून कडेला घेऊन आली.

पाणी आत जाताना वाटतो तसा आवाज झाला नाही. भात आडवंही पडलं नाही. उभंच राहिलं, तांबूस, कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात, मग गळ्यापर्यंत. मग फक्त लोंब्यांची टोकं दिसू लागली, आणि थोड्या वेळाने दोनशे चाळीस एकरांवर खाडी होती. आमचं दार मधोमध बंद उभं होतं. दोन्ही बाजूंना पाणी.

सव्वादोनला टेम्पो आले. पुरुष बांधावर धावत आले, खेळाच्या बनियनवर, पाठीवर नंबर. सगळे ओळीने उभे राहिले. त्यांच्या हातांत करण्यासारखं काही उरलं नव्हतं, पण ते उभे राहिले.

पाचच्या सुमारास ओहोटी बरीच उतरली. पाणी उतरलं तसं दार आपोआप, हळूच उघडलं आणि त्यातून थोडं पाणी बाहेर जाऊ लागलं. डिझाइनप्रमाणे.

चौकशी लागली. नियम सोपा होता: दोष कामाचा असेल तर ठेकेदाराने बांध बांधून द्यायचा, दोष देखभालीचा असेल तर गावाने. तोवर खांडीला कोणी हात लावायचा नाही, पुरावा म्हणून. अमावास्येचं उधाणही त्यातूनच आत गेलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी कर्णिक साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. चहा मागवला.

"काय कारण दिसतं तुला?"

"मुरूम, सर. काँक्रीट आणि मातीच्या सांध्यात चिकणमाती नव्हती. कडेने पाणी गेलं."

"मुरूम आहे हे कोणी तपासलं होतं?"

"मी."

"आणि सही?"

मी चहा घेतला.

"माझी सही नाही त्यावर, सबनीस. मी बघितलं," ते म्हणाले. धमकी देत नव्हते. काळजीने बोलत होते, आणि ते जास्त वाईट होतं. "दुसरं काही कारण असू शकतं का? तांत्रिकदृष्ट्या विचारतोय."

"खेकड्यांची बिळं असू शकतात. मातीच्या बांधात असतात."

"आणि बिळं शोधायची, बुजवायची कोणी?"

"पाळीवाल्यांनी. पण पाळी आपण बंद केली, सर."

"लेखी?"

"माइकवर."

"म्हणजे लेखी नाही." त्यांनी बिस्किटांची बशी माझ्याकडे सरकवली. "बघ. मी काही सांगत नाही तुला."

कार्यक्रमाचे फोटो होते, व्हिडिओ नव्हता. माझ्या हातातला तो कागद त्याच दिवशी शालीबरोबर मी गाडीत टाकला होता आणि नंतर गाडी धुवायला दिली होती. हे सगळं त्या केबिनमध्ये चहा संपेपर्यंत माझ्या डोक्यात लागोपाठ आलं. असं सुचायला लागलं की माणूस मोकळा होतो, याचं मला आजही नवल वाटतं.

चौकशी गावातल्या शाळेत झाली, चौथीच्या वर्गात. चौकशी अधिकारी निवृत्त इंजिनिअर होते, सज्जन, कानाला यंत्र लावलेले. बाकं लहान होती म्हणून गाव भिंतीला लागून उभं होतं. पहिल्यांदा हसुरामला बोलावलं.

"बांधात खेकडे असतात का?"

"असतात की. बांध म्हंजे त्यांचंच घर."

"बिळं करतात?"

"करतात."

"त्या बिळांमुळे बांध फुटू शकतो?"

"लक्ष नाय ठेवलं तर फुटतो, साहेब." त्याला खोटं बोलायची सवय नव्हती. विचारलेल्या प्रश्नाचं तो खरं उत्तर देत होता. मग तो म्हणाला, "पन हा खेकड्यानं नाय फुटला. हिथं मुरूम..."

"विचारलं तेवढंच सांगा. त्या दिवशी पाळीवर किती माणसं होती?"

"मी होतो."

"नेहमी किती असतात?"

"सत्तेचाळीस."

अधिकाऱ्यांनी लिहून घेतलं. भिंतीपासून वनिता पुढे आली.

"पाळी आमी नाय सोडली. आमाला बंद करायला सांगितली. अष्टमीला, मंत्र्यासमोर, माइकवर. ते बसलेत, त्यांनी." तिने माझ्याकडे बोट दाखवलं नाही, फक्त हनुवटी वळवली. "साहेब, तुमी बोलले ते सांगा त्यांना. माझं ऱ्हाऊ दे, तुमीच सांगा."

अधिकाऱ्यांनी कानातलं यंत्र नीट बसवलं आणि मला विचारलं, "सबनीस, गावाने पाळी बंद करावी असं प्रकल्पातर्फे सांगण्यात आलं होतं का?"

हसुराम माझ्याकडे बघत होता. रागाने नव्हे. त्या दिवशी खांडीत 'साहेब, बसा' म्हणताना बघितलं होतं तसंच.

"माझ्या माहितीत नाही," मी म्हणालो.

अधिकारी लिहू लागले. त्यांचं पेन जरा अडकत होतं, म्हणून मी माझं दिलं.

वनिता सासऱ्याजवळ गेली, त्याच्या दंडाला धरलं आणि दोघं बाहेर पडले. त्यांच्यामागून एकेक करून गाव बाहेर पडलं. कोणी मला शिवी दिली नाही. मी वाट बघत होतो.

अहवालात कारण दिलं गेलं: खेकड्यांची बिळं, आणि ग्रामस्थांनी पारंपरिक देखभालीत केलेली कसूर. बांध गावाने बांधायचा ठरलं. खांड तोवर ऐंशी फूट झाली होती. सत्तेचाळीस घरांनी दोन उन्हाळे चिखल टाकला, दोन्ही पावसाळ्यांनी तो नेला. तिसऱ्या उन्हाळ्यात निम्मी घरं कामाला बाहेर गेली होती.

त्याला चौदा वर्षं झाली. मी आता स्वतःची कंपनी चालवतो. गेल्या वर्षी त्या खाडीपट्ट्याचा एक अहवाल माझ्याकडे तपासायला आला, हवेतला कार्बन शोषून घेणाऱ्या किनारी जंगलांबद्दल. पान एकोणीसवर धाकटं खारवं होतं: बुडालेल्या जमिनीवर आपोआप उगवलेलं तिवरांचं, म्हणजे खारफुटीचं, दाट जंगल, दोनशे चाळीस एकर, जिल्ह्यातलं सर्वोत्तम. खाली लिहिलं होतं, 'स्थानिक समुदायाच्या सहभागातून.' मी ते वाक्य खोडलं नाही.

पाहणीला जावं लागलं. रस्ता संपतो तिथे लोखंडी फाटक आहे, आणि फाटकाशी हसुराम बसला होता. ऐंशी पार केलेली. त्याने मला ओळखलं. निदान तसं वाटलं, कारण त्याने जागा करून दिली. मी बसलो. वनिता कुठे आहे विचारलं, तर म्हणाला पनवेलला, गोदामात कामाला. मुलं तिथेच शिकतात. मग बराच वेळ आम्ही तिवरांकडे बघत बसलो. उंच वाढली आहेत. पक्षी खूप आहेत.

"माझी जमीन तिकडं," तो काठीने दाखवत म्हणाला. "त्या वाकड्या झाडाच्या मागं. एकदा जाऊन बघायचं होतं."

"चला की," मी म्हणालो. "मी येतो बरोबर."

तो हसला.

फाटकावरच्या रखवालदाराने मला समजावून सांगितलं. ते जंगल आता संरक्षित आहे. आत जायला लेखी परवानगी लागते, जमीन कोणाच्याही नावावर असली तरी. अर्ज तालुक्याला करायचा, दोन प्रतींत. उत्तर यायला साधारण पंचेचाळीस दिवस लागतात.